गिनीपिगसाठी सुके गवत आणि पेलेट्स

गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात माणसाळवलेला शाकाहारी कृंतक (कुरतडणारा) प्राणी. सुके गवत हे त्याचे मुख्य अन्न आणि पेलेट्स, म्हणजे दाबून तयार केलेले कोरड्या खाद्याचे दाणे, पूरक. ठाणे, नवी मुंबईतील घरांत मात्र बरेचदा उलटे दिसते : वाटीभर पेलेट्स आणि तोंडी लावण्यापुरते गवत. पेलेट्सची पाकिटे दुकानात समोरच असतात, गवत मागवावे लागते, एवढेच त्याचे कारण.

गवत मुख्य असण्याचे पहिले कारण दात. गिनीपिगचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. लांब, खरखरीत काड्या दळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा झिजतात. पेलेट दोन चाव्यांत भुगा होते, त्याने हे काम होत नाही. न झिजलेल्या खालच्या दाढा जिभेवर कमानीसारख्या वळतात. मग प्राणी अन्नाजवळ येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. दुसरे कारण पोटातले. त्याच्या मोठ्या अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) तंतूंवर जगणारे जिवाणू असतात. तंतू कमी पडले की आतडे मंदावते आणि वायू धरतो. म्हणून गवत चोवीस तास, हवे तेवढे उपलब्ध असावे.

प्रौढ प्राण्याला टिमोथी, ऑर्चर्ड किंवा ओट यांपैकी कोणतेही गवत चालते. टिमोथी थंड हवेचे. कोकणपट्टीत ते पिकत नाही, पॅकबंदच घ्यावे लागते. पहिल्या कापणीचे गवत काडीदार व दातांना चांगले, दुसऱ्या कापणीचे पानाळ आणि मऊ. चोखंदळ प्राण्याला दोन्ही मिसळून द्यावे. चांगले गवत हिरवट आणि सुवासिक असते. मूठभर गवत काळ्या कापडावर झटकावे : बारीक पांढरी धूळ पडली किंवा कुबट वास आला तर ते परत करावे. बुरशी आलेले गवत उन्हात घालून सुधारत नाही. बुरशी सुकते, तिचे विष तसेच राहते.

स्थानिक पर्यायांत हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, उत्तम. भाद्रपदात ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात तिच्या जुड्या मिळतात, पण त्या हवेत ती वाळत नाही. धुऊन, पाणी निथळवून ताजीच द्यावी. सोसायटीच्या हिरवळीवरची घेऊ नये, तिथे तणनाशक आणि कुत्र्यांचे मूत्र दोन्ही असते. ठाणे जिल्ह्यात भाताचा पेंढा सहज मिळतो, पण त्यात सिलिका भरपूर आणि प्रथिने नगण्य. तो अंथरायला ठीक, पोट भरायला नाही. ज्वारीचे कोवळे हिरवे धाट मुळीच देऊ नये, त्यात सायनाइड तयार होते.

लसूणघास, म्हणजेच अल्फाल्फा, सहा महिन्यांखालील पिल्लांना आणि गाभण किंवा पाजत्या मादीला योग्य. प्रौढाला तिच्यातले कॅल्शियम जास्त होते. गिनीपिगचे शरीर जादा कॅल्शियम मूत्रावाटे टाकते, त्यामुळे मूत्राशयात खडे होतात. लघवीत रक्त किंवा लघवी करताना किंचाळणे ही त्याची खूण. पेलेट्सच्या पाकिटावर घटकांत पहिले नाव अल्फाल्फाचे असेल तर तीही पिल्लांचीच समजावीत.

पेलेट्स प्रौढाला दिवसाला दोन टेबलस्पून, साधारण १५ ते २० ग्रॅम, पुरतात. सगळे दाणे एकसारखे, तपकिरी-हिरवट असावेत. सूर्यफुलाच्या बिया, मका, रंगीत तुकडे असलेले मिश्रण घेऊ नये. प्राणी गोड आणि तेलकट तेवढे वेचून खातो आणि बाकीचे ठेवतो. लेबलवर तंतू किमान १८ टक्के, प्रथिने १४ ते १६ टक्के आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा स्पष्ट उल्लेख पाहावा. सशाच्या पेलेट्समध्ये हे जीवनसत्त्व घातलेले नसते, कारण ससा ते स्वतः तयार करतो. गिनीपिगला ते, माणसाप्रमाणेच, बाहेरून मिळावे लागते : दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम. ते न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही होतो. सांधे दुखतात, केस राठ होतात, प्राणी चालायला कुरकुरतो.

इथे पाकिटावरील आकड्यापेक्षा उत्पादनाची तारीख महत्त्वाची ठरते. उष्णता, दमटपणा आणि उजेड यांनी ‘क’ जीवनसत्त्व विघटित होते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात यांतल्या दमटपणाला तोटा नसतो. तीन महिन्यांच्या आतले, लहान पाकीट घ्यावे. उघड्या पोत्यातली सुटी पेलेट्स कितीही स्वस्त असली तरी नकोत, त्यांचे वय कोणालाच सांगता येत नाही. घरी हवाबंद डब्यात, गॅसशेगडीपासून दूर ठेवावीत. एवढे करूनही त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. रोज २५–३० ग्रॅम ढोबळी मिरची दिली की एका प्राण्याची गरज बहुधा भागते. पाण्यात गोळी विरघळवण्याचा उपाय फसवा आहे : जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, शिवाय चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो.

गवत मात्र हवाबंद डब्यात कोंडू नये, थोडीही ओल राहिली तर आत बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा सुती पिशवीत, जमिनीपासून उंच आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावे. जून ते सप्टेंबरसाठी एकदम मोठा साठा करण्यापेक्षा महिन्यापुरते घेणे बरे. पिंजऱ्यात जाळीत घातलेले गवत रोज बदलावे. लघवीने भिजलेले गवत प्राणी खात नाही आणि त्याने खाऊही नये.

पेलेट्सचा प्रकार बदलायचा असल्यास दहा-बारा दिवसांत जुन्यात नवे वाढवत न्यावे. आठवड्याला एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे. आठवड्यात ५० ग्रॅमहून अधिक घट झाली तर लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून दाढा तपासाव्यात. पुढचे दात ठीक असले तरी दाढा बाहेरून दिसत नाहीत. बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट पाहू नये.