एका सुईमागची चाळीस वर्षं

"पोरीले काही झालं नाही, मंग सुई कायले?" यवतमाळकडच्या आमच्या गावांत आशाताईला हा प्रश्न ऐकावाच लागतो. ही सुई म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस. आईचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर १९८३ पासून सुरू होतं.

त्या वर्षी जर्मनीत शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूला गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला, पाठोपाठ १८ क्रमांकाचा. या दोघांमुळे सुमारे ७० टक्के रुग्ण होतात. शरीरसंबंधातून लागण होते आणि कर्करोग व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात. म्हणून सुई लागण होण्याआधी, ९ ते १४ वयात.

लस २००६ मध्ये अमेरिकेत आली, २००८ मध्ये भारतात. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ती देणं सुरू झालं. काही मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळं थांबवलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी दुसऱ्यांच्याच सह्या निघाल्या. मला ही चूक फार मोठी वाटते. ज्यांच्या लेकी, त्यांनाच विचारलं नाही.

त्याच बंदीत बार्शी, पुण्यासह देशातल्या अनेक केंद्रांवरचा, या लसीचे दोन डोस द्यावे की तीन हे पाहणारा दुसरा एक अभ्यासही अडकला. तोवर हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. आणि एका डोसानेही दोन-तीन डोसांइतकंच संरक्षण मिळतं असं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला, त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पुन्हा एकदा मजुरी पाडून पोरीला दवाखान्यात नेणं आमच्याकडे किती जड जातं, ते ज्याला ठाऊक आहे त्याला याचं मोल कळेल. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक लसीला मंजुरी मिळाली.

झालेली लागण मात्र लस बरी करत नाही. आणि लेकीला घेऊन येणारी आई स्वतः तिशी-पस्तिशीची असते. अंगावरून पांढरं जातं, पाळी नसताना लाल दिसतं, ही या कर्करोगाची खूण असू शकते, तरी 'उष्णता झाली असंल' म्हणून ती वेचणीला जाते. तिची तपासणी सोपी आहे: गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं आणि मिनिटभराने संशयास्पद पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. लेकीच्या सुईच्या दिवशी आईलाही आत बोलवा.