टॉप ऑफ द रॉक
टॉप ऑफ द रॉक : न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील रॉकफेलर सेंटर या इमारतसमूहाच्या मुख्य मनोऱ्यावरील निरीक्षण गच्ची. ‘३० रॉकफेलर प्लाझा’ या ७० मजली इमारतीच्या ६७, ६९ आणि ७० या मजल्यांवर ती पसरलेली असून सर्वांत वरचा मजला रस्त्यापासून सुमारे २५९ मी. उंच आहे. ती १९३३ मध्ये खुली झाली. त्या काळच्या प्रवासी आगबोटींच्या डेकसारखी तिची मांडणी होती आणि बसायला डेकवरच्या खुर्च्याही असत. १९८६ मध्ये ती बंद झाली आणि नूतनीकरणानंतर २००५ मध्ये पुन्हा उघडली.

शहरात याहून उंच ठिकाणे आहेत. एम्पायर स्टेट इमारतीच्या ८६ व्या मजल्यावरील खुली गच्ची ३२० मी. उंचीवर आहे, तर हडसन यार्ड्समधील ‘एज’ ही निरीक्षण गच्ची सुमारे ३४५ मी. वर. तरीही ज्यांना स्कायलाइनचे (आकाशावर उमटणाऱ्या इमारतींच्या रेषेचे) छायाचित्र हवे आहे त्यांनी पहिली पसंती रॉकफेलरलाच द्यावी. एक तर एम्पायर स्टेटवर उभे राहून एम्पायर स्टेटच दिसत नाही. त्याहून महत्त्वाचे कारण भूमितीचे आहे. आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा जी इमारत उंच, तिचाच माथा क्षितिजाच्या वर आकाशात निघतो. बाकीच्या क्षितिजाखाली राहतात आणि मागच्या वस्तीत मिसळून जातात. एम्पायर स्टेटचे छत ३८१ मी. आणि अँटेनाचे टोक ४४३ मी. उंच. २५९ मी. वरून पाहताना तिचा छतापर्यंतचा १२० मी. भाग मोकळ्या आकाशावर उठून दिसतो, ३४५ मी. वरून पाहिल्यास हाच भाग जेमतेम ३५ मी. उरतो. फार उंचावरून शहर नकाशासारखे सपाट दिसते, ते यामुळेच.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने तिन्ही मजले सारखे नाहीत. ६७ आणि ६९ व्या मजल्यांवरील खुल्या सज्जांना काचेच्या उंच तावदानांचा कठडा आहे. दोन तावदानांमधल्या फटीतून मोबाइलचा कॅमेरा किंवा लहान लेन्स बाहेर रोखता येते. उपकरणाचा पट्टा मात्र मनगटात हवाच. ७० वा मजला थोडा आत सरकवून बांधलेला आहे. तिथे काच नाही, फक्त दगडी कठडा आहे आणि ६९ व्या मजल्याची तावदाने नजरेखाली राहतात. फोटोसाठी हाच मजला उत्तम, आणि म्हणून गर्दीही इथेच. १९३२ मध्ये ही इमारत बांधली जात असताना तुळईवर बसून जेवणाऱ्या कामगारांचे जे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले, त्याची आठवण म्हणून ६९ व्या मजल्यावर वर उचलली जाणारी तुळई २०२३ मध्ये बसवण्यात आली. तिचे तिकीट वेगळे असते.

प्रवेश वेळ ठरवलेल्या तिकिटावर मिळतो आणि सूर्यास्ताच्या आसपासच्या वेळांना जास्त पैसे पडतात. सूर्यास्ताच्या तास-सव्वा तास आधीची वेळ घ्यावी. सुरक्षा तपासणी आणि लिफ्टची रांग यांत बराच वेळ जातो आणि दक्षिणेकडच्या कठड्याजवळ जागा मिळायलाही थांबावे लागते. जूनअखेर सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेचारलाच. दिशाही बदलते. मॅनहॅटनचे रस्ते खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश कललेले असल्याने एम्पायर स्टेट इथून नैऋत्येकडे झुकलेल्या दक्षिणेला दिसते. डिसेंबरात सूर्य तिच्या उजवीकडे अवघ्या ३५ अंशांवर मावळतो. लेन्समध्ये थेट उजेड शिरतो आणि इमारत काळी पडते. जूनमध्ये तो वायव्येला मावळतो, तेव्हा तिची पश्चिम बाजू सोनेरी उजळते.

खरी वेळ सूर्यास्तानंतर २० ते ४० मिनिटांची. आकाश गडद निळे असते आणि खिडक्यांतले दिवे त्याच्या तोडीचे उजळलेले असतात. पुढे आकाश काळे होते आणि इमारतींच्या कडा हरवतात. ट्रायपॉड वर नेता येत नाही, त्यामुळे कॅमेरा कठड्यावर टेकवून धरावा. समोरचे सगळे दूर असल्याने लेन्सचे छिद्र लहान करण्याची गरज नाही : छिद्र f/२.८ किंवा f/४, शटर १/६० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात करून अंधार वाढेल तसा ६४०० पर्यंत. एम्पायर स्टेटच्या उजळ खिडक्यांवर फोकस करून तो मॅन्युअलवर पक्का करावा, नाहीतर अंधारात लेन्स मागेपुढे शोधत राहते. दोन्ही इमारतींमध्ये सुमारे १.३ किमी. अंतर आहे. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी. सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर उभ्या चौकटीत ५० ते ७० मिमी. लेन्सने इमारत भोवतालासह येते, १०० मिमी.ला ती चौकट भरून टाकते. काचेतून फोटो घ्यावा लागलाच तर लेन्सचे रबरी हूड (पुढची झापड) काचेला पूर्ण टेकवावे आणि गडद कपडे घालावेत. पोलरायझरने (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरने) समोरासमोरचे प्रतिबिंब जात नाही, उलट दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड मात्र जातो.

उत्तरेला सेंट्रल पार्कचा हिरवा आयत दिसतो, पण ५७ व्या रस्त्यालगतच्या नव्या गगनचुंबी इमारतींनी त्याचा देखावा मधेमधे चिरला आहे. पार्क दिवसाच पाहावे. अंधार पडल्यावर तिथे काळा पट्टाच उरतो. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानांचे रंग सर्वांत खुललेले असतात. क्रायस्लर इमारतीच्या आशेने इथे येऊ नये, तिचा बराचसा भाग मेटलाइफ इमारतीमागे झाकलेला आहे.

निराशा बहुधा हवेमुळे होते. उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत दूरचे सगळे पांढुरके होते. थंड हवेची लाट पाऊस पाडून पुढे सरकली आणि वायव्येचा वारा सुटला, की दुसऱ्या दिवशी क्षितिजापर्यंत स्वच्छ दिसते. निघण्यापूर्वी लाग्वार्डिया विमानतळाच्या हवामान नोंदीतील ढगांच्या तळाची उंची पाहावी. ती १,००० फुटांच्या खाली असेल तर गच्ची ढगात किंवा ढगाच्या अगदी खाली असते. न्यू जर्सीहून ट्रेनने पेन स्टेशनला उतरणाऱ्यांनी हेराल्ड स्क्वेअरपर्यंत चालत जाऊन बी, डी, एफ किंवा एम मार्गाची सबवे (भुयारी रेल्वे) घ्यावी आणि ‘४७-५० स्ट्रीट्स रॉकफेलर सेंटर’ स्थानकावर उतरावे.