कंपनीच्या खात्यातून राजकीय पक्षाला देणगी : पात्रता, ठराव आणि कागदपत्रे

निवडणुका जवळ आल्या की कारखान्याच्या दारात पावतीपुस्तकं येऊ लागतात. मालकाने स्वतःच्या खिशातून काय द्यावं हा त्याचा प्रश्न. पैसे कंपनीच्या खात्यातून जाणार असतील तर मात्र कंपनी कायदा २०१३ चं कलम १८२ लागू होतं.

सरकारी कंपनीला आणि तीन आर्थिक वर्षं पूर्ण न झालेल्या कंपनीला देणगी देता येत नाही. इतरांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत देता येते. नफा ४०, ५० आणि ६० लाख असेल तर सरासरी ५० लाख, म्हणजे वर्षभरात सगळं मिळून ३ लाख ७५ हजार. २०१७ मध्ये ही मर्यादा काढली होती, पक्षाचं नाव सांगण्याचं बंधनही गेलं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांसोबत हे बदलही घटनाबाह्य ठरवले. कंपनीचा पैसा भागधारकांचा असतो, तो कुठे गेला हे त्यांना कळायलाच हवं.

आधी संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव, मग पैसे. रोख चालत नाही. अकाउंट पेयी चेक, डिमांड ड्राफ्ट किंवा ऑनलाइन. आयकरातली वजावटही रोखीवर मिळत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्मरणिकेत. पक्षाच्या मेळाव्याची स्मरणिका निघते, अर्ध्या पानाची जाहिरात दिली जाते आणि बिल ‘जाहिरात खर्च’ खात्यात जातं. कायद्याच्या लेखी ती देणगीच! पक्षाने किंवा पक्षाच्या वतीने काढलेल्या पत्रक-पुस्तिकांचंही तेच. त्यालाही ठराव हवा, ती रक्कम साडेसात टक्क्यांत धरायची आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाच्या नावासह दाखवायची.

फाइलमध्ये एवढं ठेवा: तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, ठरावाची प्रत व बैठकीचं इतिवृत्त, पक्षाच्या नोंदणीचा पुरावा, बँकेची नोंद आणि पक्षाची पावती.

नियम मोडल्यास कंपनीला देणगीच्या पाचपट दंड होऊ शकतो. दोषी अधिकाऱ्याला तेवढाच दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

वीस हजारांवरच्या देणग्या पक्षालाही निवडणूक आयोगाला कळवाव्या लागतात. तेव्हा पावती हातात पडताच कंपनीचं नाव, पॅन आणि रक्कम तिथल्या तिथे तपासून घ्या.