‘क्लासिक रॉक’ हे नाव आलं कुठून?

आवडतं क्लासिक रॉक गाणं कोणतं, असं विचारलं की कोणी नुसतं गाण्याचं नाव सांगून थांबत नाही. होस्टेलची खोली, पहिला वॉकमन, कधीच परत न केलेली कॅसेट असं काहीतरी मागोमाग येतंच. यात नवल नाही. ‘क्लासिक रॉक’ हा मुळात संगीताचा प्रकारच नव्हे. बीटल्स, पिंक फ्लॉइड आणि ईगल्स या साठ-सत्तरच्या दशकांतल्या बँडना एका माळेत ओवावं असं त्यांच्या सुरांत फारसं काही नाही. माळ ओवली अमेरिकी रेडिओनं, आणि दोरा होता ऐकणाऱ्यांच्या वयाचा.

सुरुवात झाली एका रुक्ष सरकारी नियमातून. १९६०च्या दशकात तिथल्या बऱ्याच एफएम केंद्रांवर त्याच मालकाच्या एएम केंद्राचाच कार्यक्रम लागायचा. एक लाखावर वस्तीच्या शहरांत निम्म्याहून जास्त वेळ अशी नक्कल चालणार नाही, असं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं ठरवलं आणि १९६७पासून त्याचा अंमल सुरू झाला. मग रिकामे तास भरायचे कशानं? एएमवर तीन मिनिटांच्या सिंगल्सचं, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्यांचं राज्य होतं. एप्रिल १९६७मध्ये निवेदक टॉम डोनाह्यू यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या एफएम केंद्रावर एलपीमधली (मोठ्या तबकडीवरच्या अल्बममधली) लांबलचक गाणी लावायला घेतली आणि ती वाट रुळली. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१) आठ मिनिटांचं. त्या काळात ते अमेरिकेत सिंगल म्हणून विक्रीला आलंच नाही, तरी रेडिओनं ते घरोघर नेलं.

ती गाणी ऐकणारी पोरं १९८०च्या दशकात घराचे हप्ते फेडू लागली होती. जाहिरातदारांना नेमकं हेच गिऱ्हाईक हवं होतं, आणि या गिऱ्हाइकाला हवी होती आपल्या विशीतली गाणी. रेडिओ सल्लागार फ्रेड जेकब्ज यांनी हे हेरलं आणि १९८५मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या एका केंद्रावर निव्वळ जुन्या रॉकचा साचा बसवला. तो भराभर पसरला. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे सर्वांत जास्त येतात, असं मानसशास्त्र सांगतं. रेडिओवाल्यांनी त्याचाच धंदा केला, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडचं गणित वेगळं. इथे पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या, ‘क्वीन’ बँडच्या गायकाचा, फ्रेडी मर्क्युरीचा उल्लेख करायची पद्धत आहे, पण इथे रॉक पसरलं ते काही त्यामुळे नव्हे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. १९७२मध्ये लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनीही इथल्या वादकांना घेऊन तसा प्रयोग केला. तेही मोजक्यांपुरतंच. खरी गाणी पोचली ती मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानातून, कोणाच्या परदेशातल्या मामाकडून आणि सर्वांत जास्त कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांतून. मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला, तेव्हा इथली कॉलेजची पोरं त्यांच्या जन्माच्या आसपासची गाणी नवी म्हणून ऐकत होती. त्यामुळे अमेरिकेत ज्या गाण्यामागे १९७१चं साल असतं, त्याच गाण्यामागे मुंबई-पुण्यात १९८८ निघतं.

भरलेल्या कॅसेटची आणखी एक भानगड होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीसच मिनिटांची, त्यामुळे शेवटचं लांब गाणं हमखास मध्येच तुटायचं. माझ्या कॅसेटवर ‘स्टेअरवे’ शेवटचा जोरकस भाग सुरू होता होताच संपायचं. पूर्ण गाणं ऐकलं ते बऱ्याच वर्षांनी, सीडीवर. आजही ती जागा जवळ आली की बोट आपोआप बाजू पालटायला उचललं जातं.