प्रादेशिक कलादालन: प्रदर्शने, कलावंत-संवाद आणि कार्यशाळा

राजधानीतल्या वा महानगरातल्या मोठ्या संग्रहालयांपासून दूर, एखाद्या जिल्ह्यासाठी किंवा प्रांतासाठी चालवलेले सार्वजनिक कलादालन म्हणजे प्रादेशिक कलादालन. ते नगरपालिका, विद्यापीठ, विश्वस्त संस्था किंवा कलाप्रेमींचे मंडळ चालवते. काहींकडे स्वतःचा संग्रह असतो, तर काही केवळ बदलती प्रदर्शने भरवतात. चित्रे विकणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो, आणि खासगी गॅलरीपेक्षा ते वेगळे ठरते ते इथेच. प्रदर्शन, कलावंत-संवाद आणि कार्यशाळा ही त्याची तीन नेहमीची कामे. ती तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या वेळी आखली की एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे प्रदर्शनातल्या कलाकृतींची यादी नक्की होते त्याच बैठकीत संवाद आणि कार्यशाळाही ठरवणे उत्तम.

या संस्थेची मुळे १९व्या शतकात आहेत. हँबुर्गमध्ये १८१७ साली कलाप्रेमी नागरिकांचे मंडळ स्थापन झाले. पुढे जर्मन भाषक शहरांत अशी अनेक मंडळे निघाली आणि सभासदांच्या वर्गणीतून हयात कलावंतांची कामे लोकांसमोर येऊ लागली. ऑस्ट्रेलियात बॅलरॅटचे कलादालन १८८४ मध्ये सुरू झाले. ते त्या देशातले सर्वांत जुने प्रादेशिक कलादालन. फ्रान्सने १९८२ पासून प्रत्येक प्रांतासाठी समकालीन कलेचा निधी उभारला. या निधींचे संग्रह एका इमारतीत ठेवून न देता शाळा, लहान कलादालने आणि गावोगावच्या सभागृहांत फिरवले जातात. थोडा संग्रह, पण फिरता, ही कल्पना लहान दालनांना आजही फार उपयोगी आहे.

प्रदर्शनाची तयारी

एकल प्रदर्शनाची तयारी साधारण १२ ते १८ महिने आधी सुरू होते आणि प्रदर्शन ६ ते १० आठवडे चालते. दोन प्रदर्शनांच्या मधे किमान दोन आठवडे दालन बंद ठेवावे लागते. या काळात जुनी कामे उतरवणे, भिंतीतली भोके बुजवणे, घासणे, रंग देणे, नवी कामे लावणे आणि दिवे जुळवणे एवढे सगळे उरकायचे असते. वेळापत्रक घसरले की पहिला बळी भिंतीच्या रंगाचा जातो. रंग हाताला कोरडा लागला तरी त्यातून वाफ निघत राहते. म्हणून शेवटचा हात दिल्यावर चार-पाच दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच कामे आत आणावीत. काचेच्या बंद पेटीत ठेवायच्या वस्तूंसाठी याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

उसनी आणलेली कलाकृती पोचली की पेटी लगेच उघडू नये. ती दालनातच २४ तास बंद ठेवतात, म्हणजे आतले लाकूड, कागद आणि कापड दालनातल्या तापमानाशी आणि दमटपणाशी हळूहळू जुळते. घाई केली तर ताणलेले कॅनव्हास सैल पडते, कागद लाटेसारखा उठतो, जुन्या तैलरंगाला तडे जाऊ शकतात. पेटी उघडल्यावर स्थितिनोंद करायची: दिवा बाजूने तिरका धरून पृष्ठभाग पाहायचा, प्रत्येक ओरखडा, पोपडा आणि डाग छायाचित्रात टिपायचा आणि तारीख घालून काम देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोघांनी सही करायची. विमा काम मालकाच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत त्या भिंतीवर चढेपर्यंतचा हवा. फक्त दालनातल्या दिवसांचा विमा घेतला तर सर्वांत धोक्याचा भाग, म्हणजे प्रवास, उघडा राहतो.

टांगणी

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवण्याची पद्धत आहे. लहान मुले किंवा चाकाच्या खुर्चीवरून येणारे प्रेक्षक जास्त असतील तर यातली खालची मर्यादा धरावी. सगळ्या चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा मोह अनेकांना होतो, पण आकार वेगवेगळे असतील तर मध्यरेषा एक ठेवलेलीच डोळ्याला स्थिर वाटते.

खिळ्याची उंची अंदाजाने ठरवत नाहीत. मध्यरेषेची उंची घ्यायची, त्यात फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचे अंतर वजा करायचे. फ्रेम ८० सेंटिमीटर उंच असेल आणि तार ओढून धरल्यावर वरच्या कडेच्या १० सेंटिमीटर खाली येत असेल, तर १५० अधिक ४० वजा १०, म्हणजे १८० सेंटिमीटरवर हूक लागतो. तार सैल असताना माप घेतले तर चित्र वजनाने दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरते. सगळी भिंत लावून झाल्यावर एकच चित्र खाली दिसते ते बहुधा यामुळेच. एका हुकावर टांगलेली फ्रेम दार आपटले, कुणाचा खांदा लागला तरी तिरकी होते. दोन हूक एकाच पातळीत लावून पाणसळीने तपासले तर हा त्रास संपतो. जड कामांना तार वापरूच नये. फ्रेमच्या दोन्ही बाजूंच्या कड्या थेट हुकांत अडकवाव्यात.

दोन कामांमधले अंतरही मोजूनच. नऊ मीटरच्या भिंतीवर पाच चित्रे असून त्यांची रुंदी मिळून चार मीटर असेल तर पाच मीटर मोकळी जागा उरते. ती सहा फटींत वाटली की प्रत्येकी सुमारे ८३ सेंटिमीटर येते. हे गणित सुरुवातीपुरते. नंतर कामे भिंतीखाली गादीच्या ठोकळ्यांवर उभी करून एक दिवस पाहावीत, कारण एखादे गडद किंवा गजबजलेले चित्र शेजारच्याला दाबते आणि हे कागदावरच्या नकाशात कळत नाही. भिंतीवर एक काम कमी लावण्याचा निर्णय बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

प्रकाश

प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. जलरंग, छायाचित्रे, वस्त्रे आणि कागदावरची बहुतेक कामे ५० लक्सपर्यंत (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) ठेवतात. तैलरंग आणि ॲक्रिलिकला २०० लक्सपर्यंत चालते. उजेड आणि वेळ यांचा गुणाकार महत्त्वाचा. ५० लक्समध्ये दहा तासांत जेवढी हानी होते, साधारण तेवढीच ५०० लक्समध्ये एका तासात होते. रोज आठ तासांप्रमाणे ९० दिवस ५० लक्स दिला तर ३६,००० लक्स-तास होतात. हा आकडा प्रत्येक कामाच्या नोंदीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढे ते किती काळ अंधारात विसावायला हवे हे ठरवता येते. साफसफाईच्या वेळी लावलेले सभागृहाचे मोठे दिवे कुणी मोजत नाही. तेही यात धरावेत.

स्पॉटलाइट उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत झुकवला की काचेवरची चमक टळते. तो जास्त झुकवला तर प्रेक्षकाची सावली चित्रावर पडते, कमी झुकवला तर फ्रेमची सावली वरच्या भागावर येते. ५० लक्सचे दालन बाहेरच्या उन्हातून आलेल्याला काळोखे वाटते. यावर चित्रावरचा उजेड वाढवायचा नसतो. प्रवेशमार्ग टप्प्याटप्प्याने मंद करत आणला की डोळे सरावतात.

लेबले

लेबलवर कलावंताचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप आणि काम कुणाकडून आले ते असते. मापात उंची आधी, रुंदी नंतर. स्पष्टीकरण द्यायचे तर ६०-७० शब्द पुरेत आणि अक्षर किमान १८ पॉइंटचे हवे. चित्रात जे दिसत नाही तेच लेबलात सांगावे. ‘निळ्या रंगाचे गूढ विश्व’ अशी वाक्ये प्रेक्षकाला चित्रापासून दूरच नेतात. रंगाखाली आधीचे चित्र आहे, किंवा हा कागद कलावंताने स्वतः लगद्यापासून बनवला, हे कळले की माणूस पुन्हा वळून पाहतो.

कलावंत-संवाद

संवादाचे दोन प्रकार रूढ आहेत: खुर्च्या मांडून पडद्यावर चित्रे दाखवत केलेला, आणि दालनात कामांसमोर फिरत केलेला. फिरता संवाद जास्त जिवंत होतो, पण २० ते २५ माणसांपुढे तो कोसळतो, कारण मागच्यांना ना चित्र दिसते ना आवाज पोचतो. ४५ मिनिटांत सहा कामांवर बोलता येते. त्याहून जास्त निवडली तर शेवटची घाईत उरकतात. नंतर २० मिनिटे प्रश्नांना. खोली लहान असली तरी माइक लागतोच. मोकळ्या भिंती आणि कडक फरशी आवाज परतवतात, आणि कमी ऐकू येणारी माणसे मागच्या रांगेत बसून काही न बोलता उठून जातात. श्रोत्याचा प्रश्न सूत्रधाराने माइकवर पुन्हा सांगावा, म्हणजे सर्वांना कळतो आणि ध्वनिमुद्रणातही येतो.

उद्घाटनाच्या दिवशी संवाद ठेवू नये. त्या दिवशी कलावंत थकलेला असतो आणि आलेल्यांना एकमेकांना भेटायचे असते. दोन-तीन आठवड्यांनी ठेवला तर प्रदर्शन आधी पाहिलेले लोक नेमके प्रश्न घेऊन येतात.

संवाद बिघडतो तो बहुधा पहिल्या प्रश्नाने. ‘प्रेरणा कुठून मिळते?’ असे विचारले की उत्तरही ढोबळच येते. एका कामातल्या एका निर्णयाबद्दल विचारले तर कलावंत खुलतो: हा कोपरा कोरा का सोडला, हे चित्र पुरे झाले असे कधी वाटले, हा थर खरवडून काढण्याआधी तिथे काय होते. म्हणून सूत्रधाराने आदल्या आठवड्यात कलावंतासोबत दालनात तासभर घालवून प्रश्न ठरवावेत. मानधनाची रक्कमही निमंत्रणातच लिहावी. ‘प्रसिद्धी मिळेल’ हे मानधन नव्हे.

कार्यशाळा

कार्यशाळेचे तंत्र भिंतीवरच्या कामांतून निवडावे. मुद्राचित्रांचे, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रांचे, प्रदर्शन असेल तर लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा छाप घेणे) सोयीचा, कारण त्याला छापयंत्र लागत नाही. बारा जणांच्या तीन तासांच्या कार्यशाळेसाठी १५ बाय २० सेंटिमीटरचे १५ लिनो तुकडे (तीन जादा), प्रत्येकाला एक व्ही आणि एक यू आकाराची कोरणी, तुकडा अडवून धरणारी लाकडी पाटी, तीन रोलर, शाई पसरायला तीन काचा, पाण्याने धुता येणारी शाई आणि पातळ पण चिवट कागद लागतो. हाताने छापताना जाड कागद घेतला तर शाई नीट उचलली जात नाही.

वेळेची वाटणी अशी जमते: प्रदर्शनातली मुद्राचित्रे पाहण्यास २० मिनिटे, प्रात्यक्षिकाला १५, रेखाटन लिनोवर उतरवण्यास २५, कोरण्यास ६०, छापण्यास ४५ आणि आवरण्यास १५. अडते ते छापण्यापाशी. एका छापाला पाच मिनिटे धरली तर तीन काचांवर ४५ मिनिटांत २७ छाप निघतात, म्हणजे माणशी जेमतेम दोन. सगळे एकदम कोरून उठले तर रांग लागते. म्हणून कोरणे सुरू होऊन ४५ मिनिटे झाली की ज्यांचे झाले त्यांना छापायला बोलवावे.

लिनो थंड असला की कडक होतो आणि कोरणी निसटते. तो आधी थोडा ऊबदार करून द्यावा. न कोरणारा हात नेहमी पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही, हा नियम सुरुवातीला आणि मधे पुन्हा सांगावा लागतो. अक्षरे उलटी कोरायची हेही. शाई काचेवर नीट पसरली की रोलरखाली बारीक सळसळ ऐकू येते. चिकट, चटचट आवाज आला तर शाई जास्त आहे आणि बारीक रेषा बुजणार. छाप ठिपकेदार, मीठ भुरभुरल्यासारखा आला तर शाई कमी किंवा दाब कमी. कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेकडे घासायचे, एक कोपरा उचलून पाहायचे आणि फिका असेल तिथे पुन्हा घासायचे. तेलाची शाई जास्त देखणी दिसते, पण ती वाळायला काही दिवस जातात आणि त्याच संध्याकाळी छाप घरी नेता येत नाही.

ओले काम प्रदर्शनाच्या खोलीत होता कामा नये. तिथे फक्त पेन्सिल आणि वही. शाई, पाणी, कात्री दुसऱ्या खोलीत. सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तासाभराचे सत्र पुरेसे असून सहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा. नावनोंदणी मोफत असेल तर आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी आणि प्रतीक्षायादी तयार ठेवावी, नाहीतर साहित्य बारा जणांचे आणि माणसे सात असे होते.

समारोपानंतर

प्रदर्शन उतरवताना माणसे लावतानापेक्षा कमी असतात आणि घाई जास्त, म्हणून मोडतोड याच वेळी होते. प्रत्येक काम उतरल्यावर आलेल्या दिवशीची स्थितिनोंद समोर ठेवून, तोच तिरका दिवा धरून, पुन्हा पाहायचे. ते ज्या पेटीतून आले त्याच पेटीत, त्याच क्रमाने बांधून परत जाते. यासाठी पेटी उघडतानाच आतल्या फोमच्या थरांवर क्रमांक घातलेले असावेत.