दंत क्ष-किरण चित्रण : किरणोत्सर्ग सुरक्षा आणि यंत्रतपासणी

दात, दाढांची मुळे आणि जबड्याचे हाड यांची क्ष-किरण चित्रे घेताना रुग्णाला, डॉक्टरांना, मदतनिसाला आणि भिंतीपलीकडे बसलेल्यांना मिळणारी किरणांची मात्रा कमीत कमी राहावी यासाठी पाळायची पद्धत, तसेच त्यासाठी यंत्राची ठरावीक मुदतीने होणारी तपासणी. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क अशा भागांतल्या दवाखान्यांत रूट कॅनॉल किंवा अक्कलदाढेच्या निमित्ताने ‘दाताचा फोटो’ काढणे रोजचेच आहे. गळ्यात अडकवलेला शिशाचा (लेड) अ‍ॅप्रन रुग्णाला दिसतो, म्हणून सुरक्षेचा विचार बहुधा तिथेच थांबतो. खरे संरक्षण मात्र यंत्राच्या ‘कोन’मध्ये, म्हणजे किरण बाहेर पडतात त्या पुढच्या नळकांड्यात, टायमरमध्ये आणि क्यूए (गुणवत्ता तपासणी) रिपोर्टमधल्या आकड्यांत असते.

विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतील ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे तर प्रत्येक चित्रापूर्वी क्ष-किरणांची नळी आणि किरण पडले की चकाकणारा पडदा यांच्यामध्ये स्वतःचा हात धरत आणि हाडे स्पष्ट दिसेपर्यंत नळी जुळवत. यंत्र तपासण्याची त्या काळची रीत हीच होती. केल्स यांची आधी बोटे गेली, मग हात गेला आणि १९२८ मध्ये त्यांचा अंत झाला. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांतून हा धोका दाखवून दिला होता. नळी शिशाच्या आवरणात ठेवा, किरण फक्त गरजेच्या जागी पडू द्या, असे ते सांगत राहिले. त्यांचे म्हणणे फार उशिरा मानले गेले.

आज मात्रा कितीतरी कमी झाली आहे. तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या एका आरव्हीजी (डिजिटल) चित्रात साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक आहे आणि १,००० मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो, त्या हिशेबाने हा एका दिवसाचाही भाग नाही. पूर्ण जबड्याच्या ओपीजीत मात्रा याच्या काही पट असते आणि सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, दहापट ते शंभरपट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. म्हणून ‘स्कॅनच करून टाकू’ असे सहज म्हणता कामा नये. ज्या प्रश्नाचे उत्तर साध्या चित्रातून मिळते, त्यासाठी सीबीसीटी काढू नये. लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी काटेकोरपणे पाळावे लागते. गरोदर स्त्रीचे तातडीचे चित्र मात्र भीतीपोटी टाळायचे कारण नाही, कारण चिघळलेल्या दाढेचा जंतुसंसर्ग तिला अधिक त्रासाचा ठरतो. गरोदरपण आहे का हे आधी विचारायचे आणि पुढे ढकलता येण्यासारखे चित्र पुढे ढकलायचे.

नेहमीचे खुर्चीशेजारचे यंत्र ६० ते ७० किलोव्होल्टवर चालते. त्यातून निघणारे मऊ, म्हणजे कमी शक्तीचे किरण गालातच जिरतात, चित्राला त्यांचा काहीच उपयोग नसतो. ते अडवण्यासाठी नळीपुढे एकूण किमान १.५ मिमी जाडीइतके अ‍ॅल्युमिनियम असावे लागते. कोनमुळे नळी त्वचेपासून निदान २० सेंमी दूर राहते आणि कोनच्या तोंडाशी किरणांचे वर्तुळ ६ सेंमीपेक्षा मोठे नसावे. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौ. सेंमी भरते, तर मोठ्यांसाठीची नेहमीची फिल्म १३ चौ. सेंमीच्या आसपास असते. म्हणजे निम्म्याहून अधिक किरण चित्राच्या काहीच उपयोगी पडत नाहीत. कोनला आयताकृती तोंड बसवले की ही नासाडी थांबते. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा नाही, तरी तो फार थोड्या ठिकाणी दिसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

भारतात या यंत्रांवर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे नियंत्रण आहे. हे नियंत्रण १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम यांच्या आधारे उभे राहिले. दवाखाना शहरात असो की गडहिंग्लजला, मंडळाची मान्यता असलेल्या प्रकारचेच यंत्र घ्यायचे आणि ‘ई-लोरा’ या ऑनलाइन व्यवस्थेत त्याची नोंदणी करायची. यंत्राचे क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, दर दोन वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर करून घ्यावी लागते.

तपासणीसाठी येणारा माणूस कोनच्या तोंडाशी मीटर ठेवतो, दूर उभा राहतो आणि बटण दाबतो. पॅनेलवर ७० किलोव्होल्ट असतील तर मीटरवरचा आकडा ६५ ते ७५ च्या आत यावा लागतो. टायमरला १० टक्क्यांची मुभा असते: ०.४० सेकंद लावल्यावर मीटरने ०.५० दाखवले, तर ते यंत्र प्रत्येक रुग्णाला पाव पट जास्त मात्रा देत आले आहे. एकाच सेटिंगवर पुन्हा पुन्हा किरण सोडून मात्रा स्थिर राहते का आणि वेळ दुप्पट केल्यावर ती दुप्पट होते का, हेही पाहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ चकत्या एकेक वाढवत मात्रा निम्म्यावर कधी येते, यावरून मऊ किरण अडवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाळणीची जाडी कळते. मग कोनचे तोंड शिशाने बंद करून यंत्राच्या डोक्याच्या, म्हणजे नळी असलेल्या भागाच्या चहूबाजूंनी एक मीटर अंतरावर गळती मोजतात. ती तासाला ०.२५ मिलिग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) आत असायला हवी. शेवटी खुर्चीत रुग्णाच्या डोक्याच्या जागी पाण्याचे भांडे ठेवून बटणाची जागा, दार आणि वेटिंग रूममध्ये सर्व्हे मीटर फिरवला जातो. कर्मचाऱ्याच्या जागी आठवड्याला ०.४ आणि बाहेरच्या लोकांच्या जागी ०.०२ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा त्यांच्या अनुक्रमे २० आणि १ मिलिसिव्हर्ट या वार्षिक मर्यादांवरून येते.

आरव्हीजीमुळे ही मोजमापे अधिकच गरजेची झाली. फिल्मवर किरण जास्त पडले की ती काळी पडे आणि चूक लगेच डोळ्यांना दिसे. सेन्सरचे चित्र संगणक सावरून घेतो, त्यामुळे जास्त मात्रा देणारे यंत्र वर्षानुवर्षे सुरेख चित्रे देत राहू शकते.

जुन्या धाटणीच्या यंत्रात विजेचा दाब खालीवर झाला की किलोव्होल्टही हलतात, म्हणून चांगला स्टॅबिलायझर हवा. नव्या डीसी यंत्रांत हा दोष बराच कमी आहे. कोल्हापूरकरांना आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना २०१९ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरात शिरले. पाण्यात बुडालेले किंवा घाईने उतरवून दुसरीकडे बसवलेले यंत्र, ‘चालू झाले, बटणावर आवाज येतोय’ एवढ्यावर वापरायला घेऊ नये. त्याची पूर्ण तपासणी हवी, आणि जागा बदलली असेल तर मंडळाकडे तशी नोंदही हवी.

काम करणाऱ्यांसाठी अंतर हाच मोठा आधार आहे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. म्हणून बटणाची वायर लांब असावी आणि किरणांच्या वाटेत न येता निदान दोन मीटरवर किंवा भिंतीआड उभे राहावे. रुग्णाच्या तोंडातली फिल्म किंवा सेन्सर मदतनिसाने बोटाने धरू नये, होल्डर वापरावा. दिवसातून अनेक वेळा बोटाने धरणाऱ्याच्या बोटांवर ती मात्रा साठत जाते. अ‍ॅप्रनबाबत मत बदलत आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये रुग्णांना अ‍ॅप्रन आणि थायरॉइड कॉलर घालण्याची गरज उरली नसल्याचे सांगितले. किरणांचे तोंड नीट आखलेले असेल तरच हे लागू पडते. आपल्याकडे अ‍ॅप्रन वापरात आहे तोवर तो घडी न घालता हँगरला टांगावा, कारण घडीच्या रेषेवर आतले शिसे तडकते आणि वरून ते दिसत नाही.

हातात धरायची छोटी यंत्रे खेडोपाडीच्या शिबिरांत सोयीची वाटतात. त्यांत डॉक्टर किरणांच्या उगमालगतच उभा असतो. उलट फिरणारे किरण अडवणारी पारदर्शक चकती कोनवर बसवलेली असणे, यंत्र छातीसमोर सरळ धरणे आणि ते एईआरबीच्या मान्यतेचे असणे या तिन्ही गोष्टी तिथे सक्तीच्या मानाव्यात. बाजारात बिनमान्यतेची स्वस्त यंत्रेही मिळतात. त्यांच्या आवरणातून किती किरण झिरपतात, हे कोणी मोजलेले नसते.