टेम्प्लेटचा रनटाइम वेगळा का झाला?

टेम्प्लेट म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेला पानाचा साचा, आणि हँडलबार्स म्हणजे त्यात माहिती भरणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. ती प्रोजेक्टमध्ये घेताना पहिला प्रश्न हाच पडतो, की एकाच लायब्ररीच्या पूर्ण आणि रनटाइम (तयार झालेलं टेम्प्लेट फक्त चालवणारी) अशा दोन फाइली कशाला? उत्तरासाठी 2008 पर्यंत मागं जावं लागतं.

त्या वर्षी जेक्वेरीचे कर्ते जॉन रेसिग यांनी वीसेक ओळींचं एक फंक्शन लिहिलं. टेम्प्लेट स्क्रिप्ट टॅगमध्ये नुसता मजकूर म्हणून ठेवायचं आणि ब्राउझरनंच 'न्यू फंक्शन'नं त्याचं जावास्क्रिप्ट करायचं. 2009 मध्ये ख्रिस वानस्ट्रॅथ यांची मस्टॅश ही टेम्प्लेटची भाषा आली. 2010 मध्ये येहुदा कॅट्झ यांनी तिचेच दुहेरी महिरपी कंस घेतले, हेल्परची (टेम्प्लेटमधून बोलावता येणाऱ्या आपल्या फंक्शनची) सोय दिली आणि टेम्प्लेट सरळ जावास्क्रिप्ट फंक्शनमध्ये कंपाइल केलं, म्हणजे बदललं. ती झाली हँडलबार्स. चालायला वेगवान, पण पार्सर आणि कंपाइलरचा, म्हणजे टेम्प्लेट वाचून बदलणाऱ्या भागांचा, बोजा प्रत्येक वापरणाऱ्याच्या ब्राउझरवर पडू लागला.

मग काम विभागलं गेलं. सोलापुरात हे समजावायला जकार्ड माग पुरे: चादरीची नक्षी आधी कार्डांवर पंच करतात, माग फक्त कार्ड वाचतो. तसं टेम्प्लेट बिल्डच्या वेळी, म्हणजे साइट चढवण्याआधीच, कंपाइल करून ठेवायचं, ब्राउझरला फक्त रनटाइम द्यायचा.

फाइल लहान होते, एवढ्यावर फार कुणी हललं नसतं, असं मला वाटतं. खरा रेटा सुरक्षेचा. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी म्हणजे पानावर काय चालू द्यायचं याचे साइटनं ब्राउझरला दिलेले नियम. ती स्क्रिप्टसाठी लावली आणि मुद्दाम सूट दिली नाही, तर मजकुराचा कोड करणारे 'इव्हॅल' आणि 'न्यू फंक्शन' दोन्ही ब्राउझर अडवतो. तिथं पानावरच कंपाइल करणारी पद्धत बंदच पडते. नन्जक्स आणि पग या दुसऱ्या टेम्प्लेट लायब्ररी; नन्जक्सची 'स्लिम' आवृत्ती आणि पगचं वेगळं रनटाइम पॅकेज याच विभागणीतले.

सेटअपमधल्या बहुतेक कटकटी या फारकतीतूनच आल्या. अक्कलकोट रोडच्या एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डरचं पान करताय, असं धरा. पानावर आधी रनटाइम, मग कंपाइल केलेली फाइल. त्या फाइलीत कंपाइलरचा रिव्हिजन क्रमांक असतो. रनटाइम तो तपासतो, आणि जुळला नाही तर सरळ एरर देतो. म्हणून दोन्हींची आवृत्ती एकच ठेवावी. रक्कम लाख-हजारांच्या स्वल्पविरामांत दाखवणारा हेल्पर रनटाइमच्याच ऑब्जेक्टवर नोंदवावा लागतो. एका फाइलीत पूर्ण लायब्ररी आणि दुसरीत रनटाइम इम्पोर्ट झाला, तर ती दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट होतात. मग हेल्पर डोळ्यांसमोर लिहिलेला दिसतो, तरी कन्सोलवर 'मिसिंग हेल्पर'च येतं.